जपानी ठसाचित्रं एदोतले लोक लावायचे कुठे?

चित्रवेडी

जपानी चित्रकार होकुसाईची, लाकडी ठशांनी छापलेली ती निळी लाट ओळखीची नाही असा माणूस आता विरळा. जपानने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या हजार येनच्या नव्या नोटेवरही ती आहे. आपण ती बघतो ती बहुतेक वेळा भिंतीवर, काचेआड, दोन-चार फूट लांबून. मूळ चित्र मात्र जेमतेम ३८ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच, मांडीवर सहज मावेल एवढं. १८३१ च्या आसपास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, ज्यांनी ते विकत घेतलं त्यांनी ते काचेत बसवून टांगलं नव्हतं. तशी रीतच तिथल्या घरांत नव्हती. मग त्यांनी त्याचं केलं काय? या एका प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षं आहे. जितकं वाचत जाते तितकी खात्री पटते की ही चित्रं हाताळायची, वापरायची आणि वापरून संपवायची वस्तू होती, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांतलं निम्मं सौंदर्य आपल्या हाती लागत नाही. म्हणून हा धागा.

तिथलं घर डोळ्यांसमोर आणलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. सरकती कागदी दारं, उघडे लाकडी खांब, मधूनमधून मातीची भिंत. चित्र टांगायला सलग भिंत फारशी नाहीच. जरा सुस्थितीतल्या घरी तोकोनोमा असे, म्हणजे बैठकीतला कोनाड्यासारखा, जमिनीपासून किंचित उचललेला भाग. तिथे गुंडाळीवरचं एखादं चित्र किंवा सुलेखन टांगत आणि ऋतू पालटला की बदलत. तो मान हाताने रंगवलेल्या चित्राचा. दुकानातून आणलेल्या छापील कागदाला सहसा तिथे जागा नव्हती.

आणि तो कागद होता स्वस्त. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात मोठ्या आकाराचं रंगीत चित्र, त्याला ओबान म्हणत, साधारण १६ ते २० मोनला (मोन म्हणजे तेव्हाचं सुटं नाणं) मिळे. रस्त्यावर सोबाच्या शेवयांचा एक वाडगा १६ मोनला होता. म्हणजे सुतार, हमाल, मोलकरीण, कोणालाही कधीमधी घेता येईल अशी चैन. ही चित्रं विकणाऱ्या दुकानांना एझोशिया म्हणत. होकुसाईनेच एका सचित्र पुस्तकात प्रकाशक त्सुताया जुझाबुरोच्या दुकानाचं चित्र काढलंय, कागदांचे गठ्ठे आणि कामात गढलेली माणसं त्यात दिसतात. सरदारांना आलटून पालटून एदोत येऊन राहावं लागे, त्यांच्याबरोबर हजारो माणसं येत आणि परतताना गावाकडच्यांसाठी हीच चित्रं नेत. वजन नाही, फुटायची भीती नाही, आणि राजधानीतली ताजी फॅशन, ताजं नाटक घरी दाखवता येतं.

घरी आल्यावर चित्र बहुतेकदा पेटीत जायचं. आवड असलेले लोक कागद कडेला कडा चिकटवून लांबच लांब घडीची वही करत. पाहुणे आले की वही चटईवर उघडायची, सगळ्यांनी वाकून पाहायची, एकेक पान उलटायचं. आज संग्रहालयांत कितीतरी चित्रांच्या मधोमध घडीची रेघ दिसते, किंवा कसरीने पाडलेली भोकं दिसतात. दोन वेगवेगळ्या चित्रांवर तीच भोकं त्याच जागी असतील, तर ती एके काळी एकाच वहीत एकमेकांना लागून होती हे कळतं. असे माग मला फार मोलाचे वाटतात.

आता प्रकाश. रात्री आंदोन नावाचा कागदी दिवा जमिनीवर ठेवलेला, आत मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल. उजेड मंद आणि तिरका. हारुनोबूच्या चित्रांत बर्फाला किंवा पांढऱ्या वस्त्राला कित्येकदा रंगच नसतो, बिनशाईचा ठसा दाबून नुसता उठाव आणलेला असतो. उतामारोच्या स्त्रिया किंवा शाराकूचे नट यांच्यामागे अभ्रकाची पूड असते. समोरून सरळ उजेड टाकला तर उठाव नाहीसा होतो आणि अभ्रक करड्या डागासारखं दिसतं. कागद हातात धरून जरासा कलता केला की वस्त्राच्या चुण्या वर येतात आणि पार्श्वभूमी आरशासारखी चमकून जाते. चित्रकाराने, कोरणाऱ्याने आणि छापणाऱ्याने ही सगळी मेहनत त्या कलत्या हातासाठी घेतली होती.

आणखी कितीतरी उपयोग आहेत. ज्यांना जे माहीत असेल ते लिहा.

पाटीपेन्सिल

उत्तम धागा, ताई. एक शंका. म्हणजे घरात कुठेच लावत नसत? मी अमेरिकेतल्या एका संग्रहालयात एक चित्र पाहिलं होतं, पुरुषभर नाही पण चांगलं लांबुडकं, आणि रुंदी टीचभर. ते हातात धरून बघायचं नक्कीच नसणार.

चित्रवेडी

तुम्ही पाहिलं ते हाशिरा-ए, खांबावरचं चित्र. उंची साधारण ७० सेंटिमीटर, रुंदी १२-१३. वर मी जे उघडे खांब म्हटले त्यांच्यावर लावण्यासाठीच त्याचा आकार. भिंत नाही पण खांब आहे, मग खांबाच्या मापाचं चित्र काढा, इतका सरळ विचार. टीचभर रुंदीत अख्खी माणसं बसवायची म्हणून चित्रकारांनी काय काय केलंय बघा: अर्धी आकृती दाराआड, एक वर माडीवर आणि एक खाली अंगणात, छत्रीची कड चौकटीबाहेर. कोर्यूसाई यात सगळ्यांत सरस, माझ्या मते.

काही लोक त्यांना वरखाली कापड जोडून गुंडाळीही करून घेत, म्हणजे तोकोनोमातल्या चित्राची हौस थोडक्यात भागे. खांबावर राहिलेली चित्रं धुराने आणि उजेडाने तपकिरी पडली. फाटली. त्यामुळे जी उरली आहेत त्यांतली बहुतेक अशीच थकलेली आहेत.

लावायची दुसरी जागा म्हणजे घडीचे पडदे आणि सरकती दारं. त्यासाठी हारिमाझे नावाचा प्रकारच निघाला. एका मोठ्या कागदावर चार-पाच वेगवेगळ्या आकारांची छोटी चित्रं छापलेली, एक पंख्याच्या आकाराचं, एक गोल, एक उभी पट्टी. घरी न्यायचं, कापायचं, आणि पडद्यावर आपल्या आवडीने मांडून चिकटवायचं. हिरोशिगेने असे पुष्कळ केले. कात्री लागलीच नाही तेच आपल्यापर्यंत पोचले.

लाकूडकाम

मी प्रिंटमेकिंग शिकलो आणि शिकवतो, म्हणून तांत्रिक बाजूने थोडं लिहितो.

हे हाताळणं शक्य झालं ते कागदामुळे. होशो कागद कोझोच्या, म्हणजे तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा. लांब धाग्यांचा, मऊ आणि चिवट. ओला करून डझनभर ठशांवर एकामागून एक दाबला तरी फाटत नाही. ठसे रानचेरीच्या लाकडाचे. छपाईला यंत्र नाही. कागद ठशावर पालथा घालायचा आणि पाठीवर बारेनने घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालपटात गुंडाळलेली चकती. रंग पाण्यातले, त्यामुळे ते कागदावर थर धरून बसत नाहीत, धाग्यांत मुरतात. चांगलं चित्र उलटं करून पाहिलं की मागच्या बाजूलाही रंग उतरलेला दिसतो आणि बारेन फिरल्याच्या वाटोळ्या खुणा दिसतात. विद्यार्थ्यांना मी आधी पाठ बघायला सांगतो.

पण हेच रंग उजेडाला फार नाजूक. लाल काढायचे बेनीबानाच्या पाकळ्यांतून, आणि बेनीबाना म्हणजे आपली करडई. सोलापूरकडे आपण तेलासाठी पेरतो तीच. पिवळ्यांत हळदही वापरत. निळा त्सुयुकुसा नावाच्या रानफुलाचा, तो तर ओलाव्यानेसुद्धा उडतो. हारुनोबूच्या चित्रांतलं आज जे मातकट आकाश दिसतं ते बऱ्याचदा मुळात निळं होतं. १८३० च्या सुमारास प्रशियन निळा स्वस्त झाला तेव्हा कुठे टिकणारा निळा मिळाला आणि त्यावर होकुसाईची फुजी पर्वताची मालिका उभी राहिली.

तेव्हा ही चित्रं बंद वहीत आणि पेटीत राहायची हे नशीबच म्हणायचं. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ साली साडेसहा हजार चित्रं दिली ती या अटीवर की ती कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत. म्हणून त्या संग्रहातले जांभळे आणि गुलाबी रंग आजही डोळे दिपवतात. भिंतीवरचं शतक या रंगांना सोसत नाही.

मधलीसुट्टी

वीस-एक वर्षं तोक्योत राहतोय. मुलांच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त ठसाचित्रं मुलांनीच संपवली.

सुगोरोकू म्हणजे फाशांचा पट. मोठा कागद, त्यावर घरं, फासा टाकत पुढे जायचं. तोकाइदो रस्त्याच्या ५३ मुक्कामांचा पट तर इथे शेकडो प्रकारांनी छापला गेला, निहोनबाशी पुलावरून निघायचं आणि क्योतोला पोचायचं. नव्या वर्षात घरोघरी खेळत. हिरोशिगेसारख्यांनी हे पट काढले आणि मुलांनी त्यांवर गुडघे टेकून ते फाडले.

दुसरं, कापून उभं करायचं चित्र, कुमिआगे. कागदावर भिंती, छप्पर, माणसं, झाडं सगळं सुटं सुटं छापलेलं. कात्रीने कापा, घडी घाला, चिकटवा, की नाटकातला प्रसंग किंवा अख्खं दुकान उभं. होकुसाईने सार्वजनिक न्हाणीघराचं असं एक चित्र पाच कागदांवर केलंय, अंग चोळणारी माणसं, कपडे काढून ठेवायच्या जागा, सगळं आहे त्यात. उन्हाळ्यात संध्याकाळी असे देखावे मांडून आत दिवा लावत.

आणि ताकाराबुने, खजिन्याचं जहाज. सात भाग्यदेवता जहाजात बसल्यात असं छोटं चित्र. फेरीवाले 'ओताकारा, ओताकारा' ओरडत विकायचे. नववर्षाच्या दुसऱ्या रात्री ते उशीखाली घालून झोपायचं, म्हणजे वर्षातलं पहिलं स्वप्न शुभ पडतं. हे चित्र बघायचंसुद्धा नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं!

शिवाय सेन्जाफुदा. भाविक आपल्या नावाची छापील पट्टी देवळाच्या दारावर, खांबावर, आढ्याला चिकटवत. जितकी उंच तितकी बरी, म्हणून लांब काठीच्या टोकाला दोन कुंचले लावलेलं खास हत्यार होतं. पुढे लोक रंगीत, नक्षीदार पट्ट्या छापून एकमेकांत अदलाबदल करायला लागले, त्याच्या मंडळ्या भरत. जुन्या देवळांत वर मान करून पाहिलं तर कागद कधीच गळून गेलेला असतो आणि शाई तेवढी लाकडात उतरून राहिलेली असते. आता बहुतेक देवळं चिकटवू देत नाहीत.

निशिगंध

मधलीसुट्टी, उशीखालचं जहाज फारच आवडलं.

मला हे सगळं वाचताना श्रावणातला जिवतीचा कागद आठवत राहिला. आमच्याकडे अजून लावतात. नरसिंह, कालियामर्दन, जिवत्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावरची मुलं, बुध-बृहस्पती. तो कोणी कला म्हणून पाहत नाही, मुलांच्या आयुष्यासाठी पुजतो आणि पुढच्या श्रावणात नवा आणतो. जपानमध्येही मुलांच्या रक्षणासाठी असं काही छापत का? देवीची साथ तिकडेही होतीच ना?

चित्रवेडी

निशिगंधताई, अगदी नेमका प्रश्न विचारलात. होतं, आणि मला या सगळ्या विषयातला तो भाग सगळ्यांत हलवून टाकणारा वाटतो.

होसो-ए म्हणजे देवीच्या रोगावरची चित्रं. पूर्ण लाल रंगात छापलेली. देवीच्या देवाला लाल रंग मानवतो, पुरळ लाल उठलं की आजार नीट उतरतो, अशी समजूत होती. म्हणून आजारी मुलाच्या आसपास सगळं लाल करत. चित्रात भुतांना हाकलणारा शोकी, नाहीतर धनुर्धर तामेतोमो, नाहीतर ताकदवान बालक किंतारो. किंवा मग नुसती खेळणी: दारुमा, घुबड, डमरूसारखा छोटा ढोल. आजारी पोराला बघायला जाताना शेजारीपाजारी, नातेवाईक हे चित्र घेऊन जात. ते अंथरुणाजवळ लावत. मूल बरं झालं की चित्र जाळत नाहीतर नदीत सोडून देत, कारण रोग त्याच्याबरोबर जायचा. घराघरांत देवी येत होती तेव्हा अशी चित्रं किती छापली गेली असतील याचा अंदाज करा, आणि आज जगभरात ती मोजकीच आहेत.

१८४९ मध्ये लस नागासाकीला पोचली. त्यानंतर लशीच्या प्रचारासाठीही ठशाचीच चित्रं निघाली: पांढऱ्या गाईवर बसलेला मुलगा भाला घेऊन देवीच्या राक्षसाला पळवून लावतोय. लावायची जागा तीच, रोगही तोच, देव तेवढा बदलला.

याच जातीची आणखी चित्रं म्हणजे नामाझू-ए. ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदोत प्रचंड भूकंप झाला. जमिनीखाली एक राक्षसी नामाझू, म्हणजे मांगूरसारखा मिशावाला मासा, असतो आणि काशिमाचा देव त्याला दगडाने दाबून ठेवतो, देव जागेवर नसला की मासा वळवळतो, अशी कथा आहे. काही दिवसांतच या माशाची चित्रं बाजारात आली आणि शेकड्यांनी आली. सरकारी तपासनिसाचा शिक्का नाही, प्रकाशकाचं नाव नाही. कुठे लोक माशाला बदडताहेत, कुठे सुतार-गवंडी त्याचे आभार मानताहेत कारण त्यांना काम मिळालं, कुठे तो स्वतःच माफी मागतोय. काहींवर घराच्या रक्षणासाठी संस्कृत बीजाक्षरं छापली आहेत, बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडून गेलेल्या सिद्धम् लिपीतली. दोनेक महिन्यांत सरकारने ती बंद पाडून ठसे नष्ट करायला लावले. घाबरलेल्या शहराने ही चित्रं धीरासाठी घेतली होती.

कोकणकडा

सगळं वाचतोय, माहिती भरपूर आहे. पण मला एक पटत नाही. तुम्ही सगळे इतका वापरावर भर देताय की वाटावं ही नुसती रद्दी होती, कला आपण मागाहून ठरवली. जे चित्र शेवयांच्या किमतीत मिळतं आणि पोरं फाडतात त्याला तेव्हाचे लोक कला मानत होते का? की आपण आजच्या लिलावांच्या किमती पाहून भुलतोय?

चित्रवेडी

कोकणकडा, रास्त मुद्दा आहे, पण वापर आणि कदर यांत मला विरोध दिसत नाही. १७९० च्या आसपास ओता नान्पो या लेखकाने ठसाचित्रकारांची टिपणं गोळा करायला घेतली, कोण कोणाचा शिष्य, कोणाचं काय चांगलं. ती पुढे हातोहात नकलून, भर घालून वाढत गेली. रद्दीच्या चित्रकारांची अशी नोंद कोणी ठेवत नाही. शाराकूने नटांचे चेहरे फारच खरे काढले म्हणून तो फार काळ टिकला नाही, असा शेरा त्याच टिपणांत पुढे आलाय. म्हणजे लोक बघत होते, वाद घालत होते.

सुरिमोनो घ्या. ही विकायची चित्रंच नाहीत. क्योका नावाच्या खेळकर कविता करणाऱ्यांच्या मंडळ्या असत, ते वर्गणी काढून चित्रकाराला सांगत, चित्राशेजारी आपल्या कविता छापत आणि नववर्षाला मित्रांना भेट देत. बहुतेकदा चौकोनी, वीतभर कागद. जाड, उंची होशो. सोन्याचांदीसारखी धातूची पूड, उठाव, दहा-वीस ठसे. होकुसाई, होक्केई, गाकुतेई यांनी इतकं बारीक काम दुसरीकडे क्वचितच केलं असेल. मिळालेला माणूस ते हातात घेऊन कविता वाचणार, चित्रातला संदर्भ ओळखणार, कागद कलता करून चांदी बघणार. ज्यांची चित्रं बाजारात सोळा मोनला मिळत तेच हे चित्रकार, आणि कोरणारे-छापणारेही त्याच परंपरेतले.

पाटीपेन्सिल

या भेटचित्रांची आणि कॅलेंडरची काहीतरी गोष्ट आहे ना? अर्धवट ऐकली आहे.

लाकूडकाम

आहे, आणि रंगीत छपाईचा जन्मच त्यातून झाला. तेव्हा जपानचं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर: महिने ३० किंवा २९ दिवसांचे आणि मधूनमधून अधिक महिना. कोणता महिना मोठा, कोणता लहान हे दर वर्षी बदलायचं. देणीघेणी महिन्याच्या शेवटी, म्हणून हे माहीत असणं निकडीचं. पण पंचांग छापायचा हक्क सरकारने ठरावीक लोकांनाच दिलेला. तेव्हा हौशी मंडळींनी मोठ्या-लहान महिन्यांचे आकडे चित्रात दडवून एकमेकांना द्यायला सुरुवात केली, एगोयोमी. १७६५ मध्ये एदोत याची अक्षरशः लाट आली. श्रीमंत सामुराई आणि व्यापारी कवी यांच्यात चढाओढ, कोणाचं चित्र जास्त देखणं. खर्चाची फिकीर नाही. त्या पैशावर सुझुकी हारुनोबू आणि त्याच्या कारागिरांनी अनेक ठशांची पूर्ण रंगीत छपाई साधली.

त्यातलं माझं आवडतं: वळवाचा पाऊस आलाय, एक तरुणी वाळत घातलेले कपडे काढायला धावलीय, पायातली एक खडाव निसटलीय. दांडीवरच्या किमोनोची नक्षी नीट वाचली की त्यात वर्षाचं नाव आणि मोठे महिने मिळतात: दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा, आठवा, दहावा. हे चार हात लांबून कळणारच नाही. मित्राने दिलेला कागद हातात घेऊन, नक्षीवर बोट फिरवत शोधायचं. पुढे प्रकाशकांनी त्याच ठशांतून आकडे काढून टाकले आणि चित्रं दुकानात विकायला ठेवली.

मधलीसुट्टी

पंखे राहिलेच की! उचिवा, बांबूच्या काड्यांचा न मिटणारा हातपंखा. त्यावर चिकटवायचं चित्र वेगळं छापून मिळे, पंख्याच्या आकारात कापून दोन्ही बाजूंनी लावायचं. एकट्या हिरोशिगेने शेकडो पंखे काढले. लाकूडकामांनी प्रशियन निळ्याबद्दल लिहिलंय, त्याची एदोतली पहिली धूमही १८२९ च्या उन्हाळ्यात केइसाई एइसेनच्या निळ्या पंख्यानेच केली असं मानतात. उन्हाळाभर पंखा वापरला की टाकून दिला. आज संग्रहात जे आहेत ते बहुतांशी प्रकाशकाच्या नमुन्याच्या वहीतले, बांबूला कधीच न लागलेले. एखाद्यावर काड्यांच्या रेघा उमटलेल्या दिसल्या तर समजायचं, याने कोणाला तरी वारा घातलाय.

चित्रवेडी

सुंदर! यात नटांवरच्या प्रेमाचं एक जोडते. आवडता नट वारला की शिनि-ए निघायची: त्याचं चित्र, मृत्यूची तारीख, मरणोत्तर बौद्ध नाव, कुठल्या देवळात पुरलं. १८५४ साली आठवा दांजूरो ओसाकात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला तेव्हा त्याची अशी शंभराहून जास्त वेगवेगळी चित्रं निघाली. काहींत बायका त्याच्या तसबिरीपुढे रडताहेत. घरात शोक करण्यासाठी घ्यायचा कागद होता तो. हिरोशिगे १८५८ मध्ये गेला तेव्हा त्याचंही असं चित्र निघालं, हातात जपमाळ घेतलेलं, त्याचा मित्र कुनिसादाने काढलेलं.

कोकणकडा

सुरिमोनो आणि पंचांग यांचं उत्तर पटलं, धन्यवाद. मग भिंतीवर लावायची प्रथा युरोपातूनच आली का? चिनी मातीच्या भांड्यांना गुंडाळून ही चित्रं पॅरिसला पोचली असं सगळीकडे वाचतो.

लाकूडकाम

भांड्यांची गोष्ट मुख्यतः फेलिक्स ब्राकमों या फ्रेंच चित्रकाराच्या नावावर फिरते, १८५६ मध्ये एका छापखान्यात त्याला होकुसाईच्या रेखाटनांची वही भांड्यांच्या खोक्यात सापडली म्हणे. ती वर्षांनंतर सांगितलेली गोष्ट आहे, तारखेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. खरी आवक झाली ती १८६७ चं पॅरिसचं जागतिक प्रदर्शन आणि नंतरचे व्यापारी यांच्यामुळे. चौकट आणि काच ही मात्र नक्की तिकडची सवय. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्या जिव्हर्नीच्या घरात जेवणाच्या खोलीपासून जिन्यापर्यंत चित्रंच चित्रं.

व्हॅन गॉगची रीत वेगळी. १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्याने पॅरिसच्या बिंग नावाच्या व्यापाऱ्याकडून सहाशेहून जास्त चित्रं स्वस्तात उचलली. काचेला पैसे नव्हते, म्हणून टाचणीने भिंतीला लावली, काढली, हाताळली, त्यांवरून रंगवलं. ॲमस्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयात यांतली पाचशेच्या आसपास आहेत, कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं आणि कडा झिजलेल्या. एदोतला एखादा सुतार आणि तो, दोघांचं या कागदांशी नातं बरंचसं सारखं होतं असं मला वाटतं.

सायंतारा

नवीन सभासद आहे, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या आजेसासऱ्यांचा मुंबईत कापसाचा व्यवहार होता, कोबेशी येणंजाणं होतं. त्यांनी आणलेलं एक चित्र आमच्याकडे आहे: पूल, वरून धो धो पाऊस, छत्र्या-टोप्या घेऊन पळणारी माणसं. फ्रेम खिडकीसमोर आहे आणि फिकी पडलीय. मध्यंतरी एका फ्रेमवाल्याने काच बदलताना चित्र मागच्या हार्डबोर्डला पूर्ण चिकटवून टाकलं. आता काय करावं? ते काढून वहीत ठेवू का?

लाकूडकाम

सायंतारा, स्वागत. मुंबई-कोबे कापूस मार्ग १८९३ मध्ये टाटा आणि निप्पॉन युसेन कंपनीने सुरू केला, तेव्हा तुमच्या घरची कथा अगदी जुळते. वर्णनावरून चित्र हिरोशिगेच्या 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' मालिकेतलं वाटतं, १८५७ चं. पण त्याच्या पुनर्मुद्रित प्रती विसाव्या शतकात पुष्कळ निघाल्या, त्यांतल्या कित्येक हातानेच कोरलेल्या-छापलेल्या, तेव्हा किमतीचा विचार सध्या बाजूला ठेवा. भिंगातून बघा. रंग एकसारख्या ठिपक्यांच्या जाळीचा दिसला तर यंत्रावरची छपाई आहे. सपाट रंग आणि कागदाचे धागे दिसले तर हाताची.

चिकटवलेलं चित्र कृपया स्वतः सोडवू नका. पाणी, वाफ, ब्लेड काही नको. हे रंग पाण्यातले आहेत, पाण्याने निघून जातील. कागदाचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. तोवर खिडकीसमोरून काढून आतल्या, उजेड कमी असलेल्या भिंतीवर न्या. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत टाळा, बुरशी धरेल. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना हात लावू नका.

सुटं झाल्यावर आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून त्यात ठेवा, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या की पुरतं, मागून चिकटवायची गरज नाही. संग्रहालयं अशी चित्रं ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात, तीही काही महिनेच मांडतात आणि मग वर्षानुवर्षं अंधारात ठेवतात.

चित्रवेडी

सायंतारा, लाकूडकामदादांनी सांगितलंय ते सगळं तसंच करा. एक भर माझी: चपटी पेटी करून घ्या आणि चित्र खिडकीच्या पुठ्ठ्यासकट तीत आडवं ठेवा. घरचे जमले, कोणी आवडीचं माणूस आलं की काढा, टेबलावर ठेवा आणि दिवा बाजूने धरा. हाताने छापलेली प्रत असेल तर पावसाच्या त्या रेघा दोन वेगळ्या ठशांच्या आहेत, दोन कोनांत आणि दोन छटांत, हे तुम्हाला तेव्हा दिसेल.